दोन रात्री कमी

आमच्या बाबांना, केरू शिवलकरांना, मिरकरवाड्यात कुणी 'बरे आहात ना' असं विचारत नसे. 'केरूदा, उद्या पाणी किती वाजता?' एवढंच. बाबा धक्क्यावरच्या दगडावर बसलेले असायचे, डावा हात मांडीवर. तो हात मचव्याच्या डोलकाठीखाली सापडून कायमचा आखडला, तेव्हा होडी हाकायचं त्यांचं तांडेलपण संपलं आणि हे भरती सांगणं सुरू झालं. रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा. पण पंचांगात कधी एखादी तिथी गळते, कधी एकच तिथी दोन दिवस बसते, आणि तिथे भले भले गडबडतात. बाबा गडबडत नसत. भाट्याच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे, पाणी भरलेलं असलं तरच होडी त्यावरून सुटते. बाबांच्या शब्दावर माणसं जिवंत घरी येत होती. लेक म्हणून नाही सांगत, कुणालाही विचारा.

आणि असल्या शहाण्या माणसाने चौदा वर्षं एका फळकुटापायी जीव जाळावा! मी तर किती वेळा म्हटलं, चुलीत घाला ते. बरं झालं कुणी ऐकलं नाही.

फळकूट आणलं माझ्या भावाने, शिवादादाने. तो आगबोटीवर खलाशी होता. त्याची बोट पार जगाच्या पलीकडे, चिलीकडे, खताचा सोरा आणायला गेली होती, आणि वाटेत पाण्यासाठी एका उघड्याबोडक्या बेटाजवळ थांबली. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला ती फळी दिली आणि बदल्यात अंगातला सदरा काढून घेतला. दादा उघड्या अंगाने बोटीवर परतला. हे सांगताना तो इतका हसायचा की शेवटी ठसका लागायचा.

फळी दीड वीत लांब, काळपट, कडा गुळगुळीत. तिच्यावर ओळीच्या ओळी कोरलेल्या: माणसं, पक्षी, मासे, आणि मधल्या दोन ओळींत जवळजवळ नुसत्या चंद्रकोरी. अक्षरं म्हणावीत तर कुठल्याच लिपीतली नाहीत. गंमत म्हणजे एक ओळ सुलटी, तर पुढची डोक्यावर उभी. ओळ संपली की फळी फिरवायची, मग पुढची वाचायची. "त्या बेटावर आता हे वाचणारं कुणी उरलेलं नाही," दादा म्हणाला. "म्हाताऱ्याने जुन्या फळीवरून नुसतं गिरवलंय. कोरींवर बोट ठेवून आभाळाकडे दाखवलंन, म्हणजे चंद्राच्या रात्री असणार, एवढं मला कळलं. बाबा, तुम्ही तिथ्या मोजणारे, तुम्हीच लावा हिचा छडा."

त्याच साली दादाचं लग्न झालं. वहिनी, तुळसा, दापोलीकडच्या मुरुडची. बोलायला कमी आणि कामाला वाघीण. जेमतेम आठ महिने दोघं एकत्र राहिली असतील. एकोणीसशे बावीसच्या दिवाळीनंतर दादा पुन्हा बोटीवर निघाला, आणि उंबऱ्यातून पाय बाहेर टाकताना बाबांना म्हणाला, "बाबा, फळी वाचून होईपर्यंत मी आलोच."

एवढंच बोलला. निघताना माणूस काहीतरी बोलतोच. पण तेच वाक्य आमच्या घराच्या मानगुटीवर बसलं.

दीड वर्ष पत्रं आली. मग बंद. मग कंपनीचं पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं, चार इयत्ता शिकले होते म्हणून माझ्यावर पाळी आली. सदर इसम तिकडल्या बंदरावर उतरला, बोट सुटेपर्यंत परत आला नाही, आणखी माहिती नाही. बस्स. मेला म्हणत नाहीत, जिवंत म्हणत नाहीत. वहिनी दाराआड उभी होती. तिने विचारलं, "वन्सं, पुन्हा वाचता का?" मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून काय बदलणार होतं?

त्या दिवसापासून बाबांनी फळी हातात घेतली ती घेतलीच. धक्क्यावरून आले की हातपाय धुऊन ओटीवर बसायचे, फळी मांडीवर, बाजूला पंचांग, हातात कोळसा. मोजायचे. एक कोर, दोन कोरी, तीन. मग पोट फुगलेला एक मासा, तो त्यांनी पौर्णिमा धरला. मग पुन्हा कोरी, दुसऱ्या बाजूला तोंड केलेल्या. एका बाजूच्या शुद्ध पक्षातल्या, दुसऱ्या बाजूच्या वद्य पक्षातल्या, हे तर मलाही कळत होतं. बाबांच्या मोजणीत सगळ्या मिळून अठ्ठावीस. महिन्याच्या तिथ्या तीस. दोन रात्री कमी.

पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग माझं लग्न होऊन मी हातखंब्याला गेले, आणि दर माहेरपणाला पाहते तर तेच. बाबा वाळत चाललेले. दारात कुणाची चाहूल लागली की दचकून बघायचे. टपालवाला आमच्या आळीत शिरला की वहिनीच्या हातातलं काम थांबायचं, तो पुढे गेला की सुरू व्हायचं. आणि बाबांच्या मनाने कसलं खूळ घेतलं होतं, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. "मालन, पोराने मुदत घालून दिलीय. मी वाचून काढलं की तो येणार. माझ्याच्याने वाचून होत नाही म्हणून तो तिकडे अडकलाय."

"बाबा, वेड लागलंय तुम्हाला," मी म्हटलं.

"मग दोन रात्री गेल्या कुठे?" असं म्हणून त्यांनी फळी उलटी केली.

काय सांगणार अशा माणसाला! मला मात्र तेव्हापासून होड्यांची भीती वाटायला लागली. कारण धक्क्यावर बाबांच्या तोंडाकडे बघून चाळीस होड्या पाण्यात जायच्या, आणि हे डोक्यात दुसऱ्याच कुठल्या बेटाचा महिना घेऊन बसलेले. एका तिथीची चूक म्हणजे पाऊण तासाची चूक, आणि पाऊण तासात त्या दांड्यावर होडीचे दोन तुकडे होतात. मी हातखंब्याला भाकरी थापताना देवाला हात जोडायची, आज बाबांची तिथी चुकू नये.

एकोणीसशे एकतीसच्या फाल्गुनात वहिनीचा निरोप आला, मामंजी जेवत नाहीत, येऊन जा. बैलगाडी जुंपून गेले. बाबांचे गाल बसलेले, डोळे लाल. मला बघून म्हणाले, "अठ्ठावीसच होतात गो. हा महिनाच पुरा होणारा नव्हे. माझं पोर काही येत नाही आता." आणि धाय मोकलून रडले. बापाला रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. मला काही सुचेना, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले.

संध्याकाळी मी आणि वहिनी मागच्या अंगणात मासळी आवरत होतो. शुद्ध द्वितीया होती. समुद्रावर बीजेची कोर दिसली. वहिनी तिच्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "तिकडे हा उलटा असतो म्हणे."

"कोण उलटा?"

"चंद्र. ह्यांनी सांगितलं होतं मला. विषुववृत्त की काय ते ओलांडलं की चंद्राची कोर दुसऱ्या बाजूला फुगते. आपल्याकडे वाढताना उजवीकडे, तिकडे डावीकडे. पहिल्यांदा बघितला तेव्हा ह्यांना वाटलं, आपणच चक्कर येऊन पडलो."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं बये! आणि हे तू आज सांगतेस? सात वर्षं बाबा तिथे बसून डोकं फोडताहेत!"

वहिनी लाजेने लाल झाली. "मामंजींना कसं सांगू? नवऱ्याने खोलीत सांगितलेली गोष्ट सासऱ्याला सांगतात का कुणी?" आणि ते खरंच होतं. आमच्याकडे सून सासऱ्याशी सरळ बोलायची नाही. जेवायला वाढलंय हे सुद्धा ती खांबाला सांगायची. आणि तिला तरी कुणी विचारलं होतं? बाबांनी दुर्बीणवाल्या कस्टमच्या कारकुनाला विचारलं, शाळेतल्या मास्तरांना विचारलं, देवळातल्या भटजींना विचारलं. ज्या बाईला दादाने चार गोष्टी सांगितल्या असतील, तिला सोडून सगळ्यांना.

मी तशीच ओल्या हातांनी ओटीवर गेले आणि बाबांना सांगितलं. बाबांनी फळी टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपली. मग आतल्या दाराकडे तोंड करून, पण माझ्याशी बोलल्यासारखं, म्हणाले, "म्हणजे मी ज्याला शुद्ध पक्ष धरला तो त्यांचा वद्य. मी शेवटापासून सुरुवात केली." फळी त्यांनी खाली ठेवली. "आता दिवा लावा. उद्या उजेडात बघीन."

मला पहाटे परतायचं होतं, घरी म्हैस व्यालेली. मी निघाले. वाटभर जीव टांगणीला. तीस भरल्या तर? भरल्या आणि दादा नाहीच आला तर? मग हा माणूस काय करील? हा विचार माझ्या मनात आधी का आला नाही, म्हणून मी गाडीत स्वतःलाच शिव्या घातल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. बाबा ओटीवर बसून भात खात होते, वर ताक मागत होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही. "बाबा, भरल्या?"

"नाही गो," बाबा म्हणाले. "दोन कमीच."

"उलटा चंद्र धरूनही?"

"उलटा धरूनही. मोजतोय. मिळतील." आणि चक्क हसले. मला वाटलं, सुटलं एकदाचं खूळ, निदान जेवायला तरी लागले. वहिनीही बरी दिसत होती. माझा जीव भांड्यात पडला. त्यापुढे दर खेपेला मी विचारायची आणि ते तेच सांगायचे, दोन कमीच.

पण गोष्ट तिथे संपली नाही. कंपनीच्या पत्राला बारा वर्षं झाली आणि भावकी आली. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग बायकोचं कुंकू पुसायचं, हिरव्या बांगड्या फोडायच्या. सखारामकाका भावकीत सगळ्यात मोठे. माणूस वाईट नव्हे, पण रीत म्हणजे रीत. ते म्हणाले, "केरू, पोराला गती नको का मिळायला?"

बाबा म्हणाले, "माझ्या पोराने मुदत दिलीय. फळी वाचून होईपर्यंत येतो म्हणून गेलाय. खलाशाचा शब्द आहे. अजून दोन रात्री लागायच्या आहेत. लागल्या की मी स्वतः तुझ्याकडे येईन."

दुसरं कुणी असतं तर काकांनी उडवून लावलं असतं. पण काकांच्या दोन होड्या रोज बाबांच्या मोजणीवर पाण्यात जात होत्या. ज्याच्या मोजणीवर आपली पोरं समुद्रात सोडायची, त्याला 'तुला मोजता येत नाही' असं कुठल्या तोंडाने म्हणणार? काका डोकं खाजवत उठले. "मोज बाबा. पण लवकर मोज."

ते गेले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही वहिनीला त्या फळकुटाला बांधून ठेवलंय. चौतिशी आली तिची. एकदाची रडून मोकळी होऊ द्या ना तिला! तुमचं खूळ तुमच्यापाशी."

बाबा नुसतं म्हणाले, "मालन, तुझी मोटर चुकेल." तेव्हा हातखंब्याला मोटर सुरू झाली होती. मी रागाने निघाले आणि सहा महिने माहेरी फिरकले नाही. ते सहा महिने मला आता फार लागतात.

बाबा गेले ते एकोणीसशे अडतीसच्या आश्विनात, वद्य सप्तमीला. दोन दिवसांचा ताप झाला. शेवटच्या सकाळीसुद्धा त्यांनी अंथरुणातून धक्क्यावर भरतीची वेळ सांगून पाठवली, आणि ती बरोबर निघाली. सुतकातच दिवाळी गेली. कार्तिक शुद्ध चतुर्थीला तेरावा. सखारामकाका आणि भावकी जेवायला येणार होती, आणि जेवणानंतर कुठला विषय निघणार हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. आता मुदत सांगायला बाबा नव्हते.

सकाळी मी त्यांची पेटी आवरायला घेतली. तळाशी पंचांगांची चवड होती, सालावार बांधलेली. शके अठराशे बावन्नचं हातात आलं, ते फाल्गुनाच्या पानावर आपोआप उघडलं. शुद्ध तृतीयेसमोर, समासात, बाबांच्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

"उलटी धरली. तीस भरल्या. मी आरंभ धरीत होतो तिथे दोन बारक्या कोरी आहेत, त्या आपण लिहिताना वर श्री काढतो तसं काही असेल म्हणून मी सोडीत होतो. ते श्री नव्हे. ते शेवटी येतं. जुना चंद्र गेला आणि नवा दिसत नाही, तेव्हा वाट बघायच्या त्या रात्री. कधी एक, कधी दोन. तुळसाला सांगायचं नाही."

मी ते पुन्हा वाचलं. शुद्ध तृतीया म्हणजे मी परत निघाले तीच सकाळ. एका सकाळीत त्यांनी वाचून काढलं होतं. म्हणजे पंधरा दिवसांनी ताक मागताना मला सांगितलं ते खोटं. आणि त्यानंतर साडेसात वर्षं, रोज, माझ्याशी, वहिनीशी, सगळ्या भावकीशी खोटं! जन्मात एक तिथी न चुकलेला माणूस मांडीवर फळी घेऊन मुद्दाम चुकत बसला होता. कशासाठी, ते मला कळत होतं, तरी राग आवरेना. बाकीचे पक्षी आणि माणसं त्यांना कधीच वाचता आली नाहीत. पण त्या दोन ओळी त्यांनी वाचल्या होत्या.

मी पंचांग घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनी नारळ खवत होती. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मी पान तिच्यापुढे धरलं. "वाचून दाखवते, ऐक," म्हटलं, "बाबांनी काय केलं ते."

"नको, वन्सं," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्या सकाळी मी मागच्या दारी भांडी घाशीत होते. मामंजी मोठ्याने मोजत होते. अठ्ठावीसवर थांबायचे नेहमी. त्या दिवशी थांबले नाहीत. एकोणतीस म्हणाले. तीस म्हणाले. मग आवाजच नाही." खवणीवरचा तिचा हात चालूच होता. "मी घासायची थांबले. म्हटलं, झालं. मुदत संपली. आता मी कशाची वाट बघू? तेवढ्यात ते दारात आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. म्हणाले, 'तुळसा, दोन कमी पडतात गो.'"

"आणि तू?"

"मी म्हटलं, 'परत मोजा, मामंजी.'"

एवढं बोलून तिने खोबऱ्याची वाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मला तिला जवळ घेताही येईना, दोघींचे हात भरलेले. मी वेडी, ह्या बाईला कुणी बांधून ठेवलंय म्हणून बापाशी भांडले होते.

दुपारी पानं उठली. पुरुष ओटीवर पान खात बसले. सुपारी कातरताना माझा अडकित्ता दोनदा सटकला. सखारामकाकांनी घसा साफ केला.

"मालन, तुला वाचता येतं. केरूचं लिहिणं, पंचांगं तूच बघितलीस. आता मला खरं सांग. त्या फळीचं काय झालं? भरल्या का रात्री?"

पंचांग माझ्या मांडीखाली होतं. दाराआड वहिनीच्या बांगड्या वाजल्या, आणि मग वाजायच्या थांबल्या. मी काकांच्या डोळ्याला डोळा दिला.

"नाही, काका. दोन कमी पडतात."

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हातारा तसा खुळा नव्हता. "मग आता मोजणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी मोजते," दाराआडून आवाज आला.

सगळे वळून बघायला लागले. सोळा वर्षांत भावकीने तो आवाज ऐकला नव्हता. वहिनी उंबऱ्यापर्यंत आली, डोक्यावर पदर, हातात ती फळी. काका उभे राहिले. चप्पल पायात घालताना ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "पोरं उद्या होड्या काढायच्या म्हणतात. तेरा दिवस अंदाजाने चाललंय, परवा एक होडी दांड्यावर घासली. उद्या पाणी किती वाजता, कुणी सांगणार आहे का?"

"उद्या पंचमी," वहिनी म्हणाली. "पावणेचारला."